दगडाच्या पोटातलं गाव

बालमित्रांनो, तुमच्या घराच्या छपरावरून गावचा रस्ता जात असेल तर? वरून कुणी चाललं की तुमच्या डोक्यावर टप टप टप! थट्टा नाही, असं गाव खरोखरच आहे. त्याचं नाव मातेरा.

जरा इटलीचा नकाशा काढा बरं. हा देश उंच टाचेच्या बुटासारखा दिसतो. टाच आणि चवडा यांच्यामधल्या खोलगट भागात बाझिलिकाता नावाचा प्रदेश आहे. त्यातल्या मातेरा जिल्ह्याचं हे मुख्य शहर. एका खोल घळीच्या काठावर ते वसलेलं आहे. इथला चुनखडीचा दगड इतका मऊ, की साध्या हत्यारांनीही कोरता येतो. आपल्या वेरूळला कठीण कातळात देवळं आणि विहार कोरले. मातेरातही दगडात कोरलेली चर्चेस आहेत. पण लोकांनी डोंगरउतारावर आपली राहती घरंसुद्धा कोरली, एकावर एक! खालच्या घराचं छप्पर म्हणजे वरच्या घराचं अंगण किंवा रस्ता. या वस्तीला 'सास्सी' म्हणतात. सास्सी म्हणजे दगड.

पाचशे टँकर पाणी

उंचावरच्या या गावात पाणी कुठून आणायचं? लोकांनी पावसाचा थेंब न् थेंब अडवला. जमिनीखाली टाक्या कोरल्या, पाणी झिरपू नये म्हणून आतून गिलावा केला. शहराच्या मुख्य चौकाखाली अशीच एक प्रचंड टाकी आहे. लोक तिला विसरूनही गेले होते! 1991 साली ती पुन्हा सापडली. तिच्यात सुमारे 50 लाख लिटर पाणी मावतं. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर किती टँकर झाले? पाचशे! आज प्रवासी तिच्यात उतरून फिरू शकतात.

मुलांनी काय मागितलं?

पण ही गोष्ट नुसत्या गमतीची नाही. वस्ती वाढत गेली. जागा पुरेना, तेव्हा लोक टाक्यांत आणि गोठ्यांतही राहू लागले. एका गुहेत आई-बाबा, पाच-सहा मुलं, कोंबड्या आणि खेचर! पलंग उंच, कारण त्याखाली कोंबड्या. तान्हं बाळ कधी कधी कपाटाच्या खणात निजायचं. ना पुरेसा उजेड, ना वारा. हिवतापाने कितीतरी लहान मुलं दगावत.

कार्लो लेव्ही नावाच्या लेखकाने 1945 साली एका पुस्तकातून हे जगाला सांगितलं. त्याची बहीण डॉक्टर होती. ती मातेराला गेली तेव्हा मुलं तिच्यामागे धावली. खाऊसाठी? पैशांसाठी? नाही. ती मागत होती कोयनेल, हिवतापाचं औषध!

साऱ्या देशाला लाज वाटली. 1952 साली कायदा झाला आणि सुमारे 15 हजार लोकांना नव्या वसाहतींत हलवलं गेलं. तिथे हवा होती, उजेड होता. पण चार-सहा गुहांचं मिळून असलेलं, आपल्या वाड्याच्या चौकासारखं अंगण मात्र मागे राहिलं. सास्सी ओस पडली.

पावावर शिक्का

त्या गावाची एक खूण मात्र टिकली, ती म्हणजे पाव. घरोघरी कणीक मळायची आणि भाजायला सामाईक भट्टीवर न्यायची. मग आपला पाव कोणता, हे कसं कळणार? प्रत्येक घराचा कोरीव लाकडी शिक्का असे. तो कणकेवर उमटवला की झालं काम! खपली गव्हाच्या नव्हे, पण तशाच कठीण दाण्याच्या गव्हाच्या रव्याचा हा पाव आठवडाभर टिकतो. आजही मातेराचे लोक तो मोठ्या अभिमानाने खाऊ घालतात. तेलात तळलेल्या वाळक्या गोड मिरच्याही तिथे आवडीने खातात. आपल्या सांडगी मिरचीची आठवण येईल, पण तिखट मात्र नाही बरं का! मुलांसाठी कोंबड्याच्या आकाराच्या मातीच्या शिट्ट्या मिळतात. आणि 2 जुलैच्या जत्रेत तर कागदाच्या लगद्याचा सुंदर रथ निघतो. रात्री लोक तो तोडून त्याचा तुकडा शुभ म्हणून घरी नेतात. पुढच्या वर्षी रथ पुन्हा नवा!

लाजेची जागा अभिमानाने घेतली

ओस पडलेली घरंही पुन्हा जागी झाली. 1986 च्या कायद्याने दुरुस्तीला पैसा मिळाला. 1993 साली युनेस्कोने सास्सीला जागतिक वारसा मानलं. 2019 साली मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी झालं. जिथे खेचर बांधायचे, तिथे आज हॉटेलं आहेत. एक गुहा मात्र जुन्या सामानासकट जपून ठेवली आहे, पूर्वीचे हाल कुणी विसरू नयेत म्हणून.

मित्रांनो, या सुट्टीत आजी-आजोबांना विचारा: त्यांच्या लहानपणी पाणी कुठून यायचं? घरात किती माणसं असायची? गुरं कुठे बांधायचे? आणि उत्तरं वहीत लिहून ठेवा. तुमच्या घराचीही अशी एखादी गोष्ट नक्की निघेल!