तुटलेला दुवा कसा जोडावा?

सातबारा, खरेदीखत, सोसायटीच्या कर्जाची पावती, पीकविम्याची पावती, मुलांचे जन्मदाखले. शेतकऱ्याच्या घरात कागद थोडे नसतात. पूर्वी हे सगळे पत्र्याच्या ट्रंकेत असत. आजही असावेत. पण आता पुष्कळ घरांत संगणक आला आहे, आणि कागदांच्या प्रती त्यातही ठेवतात.

प्रती वाढल्या की यादी लागते. यादी लिहिण्यासाठी कोणी 'वर्ड' वापरतो, कोणी फुकट मिळणारा 'लिब्रेऑफिस रायटर' वापरतो. समजा, यादीत आपण लिहिले, 'विहिरीजवळच्या शेताचा सातबारा'. या शब्दांना संगणकातल्या त्या कागदाचा पत्ता जोडता येतो. पत्ता जोडला की शब्द निळे होतात आणि त्यांच्याखाली रेघ येते. कळफलकावरची कंट्रोल कळ दाबून धरायची आणि त्या शब्दांवर माऊसची टिचकी मारायची. कागद पुढ्यात उघडतो. याला इंग्रजीत हायपरलिंक म्हणतात. आपण दुवा म्हणू. साखळीच्या कडीला दुवा म्हणतात, तोच हा शब्द. म्हातारी माणसे देतात तो दुवा निराळा, बरं का!

आता असे समजा की पीककर्जाचे काम निघाले आहे. यादी उघडली, टिचकी मारली, आणि कागद काही येईना. फाइल उघडता येत नाही, अशा अर्थाची इंग्रजी ओळ मात्र आली. माणूस घाबरतो. "कागद गेला!" म्हणतो.

कागद बहुधा गेलेला नसतो. दुवा तुटलेला असतो. या दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत.

पोस्टमन पत्र कसे पोचवतो? पत्ता वाचतो आणि त्या घरी जातो. घरातले लोक दुसऱ्या आळीत राहायला गेले तर तो शेजाऱ्यांना विचारतो. संगणक कोणालाही विचारीत नाही. लिहिलेल्या पत्त्यावर जातो. तिथे कोणी नसले की हात हलवीत परत येतो. कागदाचे नाव आपण बदलले, कागद दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवला, किंवा फोल्डरचेच नाव 'जमीन' होते ते 'शेती' केले, की पत्ता चुकला. नावात एक मोकळी जागा जास्त पडली तरी चुकला. कागद पेन ड्राइव्हवर असतील आणि ती काढून ठेवली असेल, तरी तोच प्रकार.

म्हणून पहिले काम म्हणजे पत्ता वाचणे. निळ्या शब्दांवर माऊसचा बाण नुसता टेकवा. टिचकी मारू नका. आत लिहिलेला पत्ता जवळच दिसतो. तो डावीकडून उजवीकडे वाचा: आधी ड्राइव्हचे अक्षर, मग फोल्डर, मग कागदाचे नाव. कुठे चुकले ते पुष्कळदा इथेच कळते.

दुसरे काम, कागद शोधणे. फाइल एक्स्प्लोरर उघडा. वर उजव्या हाताला शोधण्याची चौकट असते. तिच्यात कागदाच्या नावातला एखादा शब्द लिहा आणि थांबा. नाही सापडला, तर 'रिसायकल बिन'मध्ये पाहा. संगणकातून पुसलेली फाइल बहुधा आधी तिथे जाते, आणि 'रिस्टोअर' म्हटले की जागेवर परत येते. पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाइल मात्र तिथे जात नाही, हे ध्यानात असू द्या.

कागद सापडला की दुवा जोडणे सोपे आहे. निळ्या शब्दांवर माऊसचे उजवे बटण दाबा. 'एडिट हायपरलिंक' असे येईल. ते निवडा. पत्त्याची चौकट उघडते. तिथून तो कागद दाखवून द्या आणि 'ओके' म्हणा. नवा पत्ता हाताने लिहीत बसू नये, त्यात चुका होतात. मग टिचकी मारून कागद उघडतो की नाही ते पाहा, आणि कंट्रोल व एस या कळा मिळून दाबून यादी जतन करा.

एकदम वीस दुवे तुटले तर? तर वीस वेळा खटाटोप करण्याआधी जरा विचार करावा. इतके दुवे एका दिवसात तुटतात तेव्हा कारण बहुतेक एकच असते. फोल्डरचे नाव बदललेले असते. त्याचे जुने नाव पुन्हा द्या, विसाचे वीस दुवे जागच्या जागी चालू होतील.

काही दुवे घरातल्या कागदाचे नसतात, इंटरनेटवरच्या पानाचे असतात. ती पाने आपल्या हातात नाहीत. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटर या संस्थेने २०२४ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१३ साली असलेल्या दर १०० पानांपैकी ३८ पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. असा दुवा तुटला तर त्या खात्याच्या मुख्य पानावर जाऊन नवे पान शोधावे. मात्र सरकारी नाव लावून फसवणारी पानेही असतात. आपल्या सरकारी खात्यांचे पत्ते बहुधा 'जीओव्ही डॉट इन' या अक्षरांवर संपतात. त्यानंतर पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी आणखी काही जोडलेले असेल, तर तिथे आधार क्रमांक किंवा बँकेचा क्रमांक लिहू नये.

आता सर्वांत घातक समजुतीविषयी. यादीत दुवा आहे, म्हणजे कागदही यादीतच आहे, असे पुष्कळांना वाटते. मग जागा मोकळी करण्यासाठी ते मूळ फाइल पुसून टाकतात. यादीत कागद नसतो. तिथे नुसता पत्ता असतो. पत्ता सांभाळला आणि घर पाडले, तर राहायचे कुठे? मूळ फाइल पुसून रिसायकल बिनही रिकामे केले आणि दुसरी प्रत नसली, तर मात्र कागद खरोखरच गेला. मग तलाठ्याकडे किंवा दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नव्या नकलेसाठी खेटे घालणे आले.

यादी आणि सगळे कागद यांना एकच फोल्डर करावा. आधी यादी त्यात जतन करावी, मग दुवे जोडावेत. असे केले की संगणक बहुधा पुरा पत्ता लिहीत नाही, 'शेजारच्याच घरात' एवढेच लिहितो. मग तो सबंध फोल्डर उचलून दुसरीकडे नेला तरी शेजार सुटत नाही, आणि दुवे चालतात. नुसती यादी नेली तर तुटतात.

मुलगा पुण्याला किंवा मुंबईला असतो, तो म्हणतो, "बाबा, यादी पाठवा." नुसती यादी पाठवून त्याला एकही कागद दिसणार नाही. सबंध फोल्डरची 'झिप' करून ती पाठवावी. त्याने ती आधी 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' म्हणून सोडवायची आणि मगच यादी उघडायची. गाठोडे न सोडता आत हात घातला, तर तिथेही दुवे चालत नाहीत.