लष्करच्या उन्हात आळ्यातले पाणी जाते कुठे?

दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याजवळ पडला आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर हे शहर झाले. हा प्रदेश वाळवंट नव्हे. परंतु मे महिन्यात राजस्थानकडून लू वाहू लागली आणि पारा ४५ अंशांपाशी गेला, की पावसाळ्यात लावलेल्या रोपांच्या दृष्टीने वाळवंट फारसे दूर उरत नाही. रोज पाणी घालूनही रोपे वाळली, तर दोष उन्हाला दिला जातो. तो पाणी घालण्याच्या पद्धतीकडेही जातो.

ओल्या मातीतून बाष्पीभवन दोन टप्प्यांत होते. पृष्ठभाग ओला असेपर्यंत ऊन आणि वारा ओढतील तेवढे पाणी उडते. वरचा थर सुकला, की तोच झाकणाचे काम करतो. खालची ओल वर येण्याचा वेग मंदावतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या १९९८ च्या मार्गदर्शिकेनुसार, पोयट्याच्या जमिनीत वरच्या १० सेंटिमीटर थरातून पहिल्या टप्प्यात ८ ते १० आणि एकूण साधारण २० मिलिमीटर पाणी उडू शकते. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर.

एक चौरस मीटरच्या उघड्या आळ्यात रोज ५ लिटर पाणी घातले, तर पृष्ठभाग कधी सुकतच नाही. आठ दिवसांतल्या ४० लिटरपैकी बहुतेक हवेत जाते. तेच ४० लिटर एकदम दिले, तर २० लिटर उडूनही उरलेले खाली मुळांसाठी राहते. अर्थात ओंजळभर मुळांच्या कोवळ्या रोपाला एवढा खंड झेपत नाही. त्याच्याजवळ पाण्याने भरलेले कच्चे मडके पुरणे बरे. पाणी खालीच झिरपते आणि पृष्ठभाग बराचसा कोरडा राहतो.

गोव्यातील बागायतदारांना आच्छादनाची ओळख करून द्यायला नको. जांभ्या जमिनीत ओल टिकत नाही आणि पाऊस सरल्यावर कित्येक महिने कोरडे जातात, म्हणून आंबा-काजूच्या कलमांच्या बुडाशी पाचोळा पसरला जातो. लष्करच्या कोरड्या वाऱ्यात त्याची गरज अधिकच. पाचोळा ऊन अडवतो आणि ओल्या मातीवर वाहणारा वाराही थोपवतो. झाड वाढून स्वतःच्या आळ्यावर सावली धरीपर्यंत, म्हणजे पहिले दोन-तीन उन्हाळे, हे झाकण टिकवावे लागते. पाणीही संध्याकाळी द्यावे, म्हणजे मुरण्यास रात्र मिळते.