पणजोबांचं नाव कुठे शोधाल?

जालन्याच्या मस्तगडातल्या किंवा आसपासच्या खेड्यातल्या सालगड्याच्या नावावर जमीन नसायची; मग खासरा, पाहणीपत्रकात तो सापडणार कसा? त्याच्यासाठी पहिलं दार गाव नमुना १४ चं, म्हणजे कोतवाल बुकाचं. गावातले जन्म-मृत्यू त्यात नोंदले जात. अल्पायुषी माणसाची कधीकधी तेवढी एकच ओळ उरते.

जुनी कागदपत्रं उर्दूत किंवा मोडीत असतात. जाणकाराला सोबत न्या. निजामकाळातलं साल फसली असेल तर त्यात ५९० मिळवा (जानेवारीपासूनच्या नोंदीला ५९१): फसली १३५८ सुरू झालं ऑक्टोबर १९४८ मध्ये.

हैदराबाद संस्थानात १८८१ पासून शिरगणती झाली, पण छापील अहवालात आकडे आहेत, घरोघरची नावं नाहीत. १९४८ च्या जनगणना कायद्याने व्यक्तिगत नोंदी गोपनीय ठरवल्या. १९५१ चं राष्ट्रीय नागरिक रजिस्टर मात्र जरूर विचारा.

ख्रिस्ती घराण्यांनी चर्चच्या बाप्तिस्मा आणि दफनाच्या वह्या पाहाव्यात. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभारली होती.

आधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा, आजच.