ऑनलाइन प्रश्नमंजूषेतील चुकीचे पर्याय

उत्तरे तपासण्याचे काम यंत्राकडे गेले म्हणजे शिक्षकाचे कामही हलके झाले, असा समज काही ठिकाणी आढळतो. तपासणीचे श्रम वाचतात हे खरे. परंतु ते श्रम प्रश्न रचण्याकडे वळवावे लागतात, एवढाच त्याचा अर्थ. २०२० साली साथीमुळे शाळा बंद असता राज्यात 'स्वाध्याय' हा उपक्रम सुरू झाला व व्हॉट्सअॅपवरून दर आठवड्यास बहुपर्यायी प्रश्न मुलांच्या घरी जाऊ लागले. पुढे शाळा भरल्या तरी ही पद्धत टिकली. गूगल फॉर्मवर स्वतः प्रश्नमंजूषा तयार करणारे शिक्षक आता खेड्यापाड्यांतूनही आहेत. अशा प्रश्नमंजूषेत चार पर्याय असतात. त्यांतील बरोबर पर्यायाकडे शिक्षकाचे लक्ष असते. उरलेले तीन मात्र जागा भरण्यासाठी सुचतील तसे लिहिले जातात. खरी उणीव येथेच राहते.

लोणारच्या परिसरातील शाळेचे उदाहरण घेऊ. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. 'हे अंतर किती मीटर?' असा प्रश्न विचारून १८००, ५, ७०,००० आणि १ लाख असे पर्याय दिले, तर गणित न करताही मूल उत्तर ओळखील व त्यास पूर्ण गुण पडतील. त्याऐवजी १८००, १८०, १००८ आणि १०८० हे पर्याय देऊन पाहावे. १८० निवडणाऱ्या मुलाने हजाराऐवजी शंभराने गुणलेले असते. १००८ निवडणारा दशांशचिन्हापुढील ८ म्हणजे ८ मीटर समजतो. १०८० निवडणाऱ्याच्या मनात बहुधा रुपये-पैसे असतात: १.८ रुपये म्हणजे १ रुपया ८० पैसे, तसेच १ किलोमीटर ८० मीटर. या तिघांसही शून्यच गुण मिळतात, पण तिघांस शिकवावयाचे निरनिराळे आहे. सबब चुकीचा प्रत्येक पर्याय मुलांच्या वह्यांतून उचललेला असावा. ज्या शिक्षकाने वह्या बारकाईने तपासल्या आहेत, त्यास असे पर्याय शोधावे लागत नाहीत.

दुसरा प्रश्न सरोवराच्या उत्पत्तीचा. येथे 'ज्वालामुखीमुळे' हा पर्याय अवश्य ठेवावा. विवराभोवतीचा काळा दगड लाव्हाचाच आहे, हे मुलांनी पाहिलेले व ऐकलेले असते. तेव्हा हा पर्याय निवडणारे मूल विचार करूनच चुकते. भूशास्त्रज्ञांतही दीर्घकाळ हे मत होते. प्रचंड आघातानेच होणारे काचरूप खनिज येथील दगडांत सापडले आणि १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने उल्कापाताचा निर्णय पक्का झाला. लवणासुराच्या वधाची कथा मात्र चुकीचा पर्याय म्हणून घालू नये. ती कथा आजीकडून ऐकलेल्या मुलास तिच्यापुढे फुली दिसणे बरे नव्हे. कथेवर प्रश्न विचारावयाचा असल्यास 'कथेनुसार' असा शब्द घालून तो वेगळा विचारावा.

काही प्रश्न या पद्धतीस मुळी मानवतच नाहीत. सरोवराचे वय किती, हा त्यांपैकी एक. अनेक पुस्तकांत सुमारे ५२,००० वर्षे असे दिलेले आढळते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मापनानुसार ते सुमारे ५,७०,००० वर्षे ठरते. यंत्राच्या उत्तरसूचीत एकच आकडा भरला, तर दुसरे पुस्तक वाचून आलेले मूल विनाकारण चुकते. असा प्रश्न वर्गात तोंडी चर्चेसाठी राखून ठेवावा.

फॉर्म तयार करताना काही व्यावहारिक गोष्टी सांभाळाव्या लागतात. पर्यायांचा क्रम आपोआप बदलण्याची सोय वापरल्यास 'वरीलपैकी सर्व' हा पर्याय सर्वांत वरही येऊ शकतो. तो टाळलेला बरा. लिहून द्यावयाच्या उत्तरांत यंत्र अक्षराक्षर जुळवून पाहते. '१८००' आणि '१८०० मीटर' ही त्याच्या दृष्टीने दोन उत्तरे होत. तेव्हा ग्राह्य धरावयाची सर्व रूपे उत्तरसूचीत आधीच भरावीत. चुकलेल्या उत्तरासाठी प्रतिक्रिया लिहिण्याची जागा असते, ती रिकामी सोडू नये. 'चूक' एवढेच न दाखवता '१ किलोमीटरचे १००० मीटर होतात, आता १.८ पुन्हा करून पहा' असे एक वाक्य तेथे असावे.

निकाल पाहताना प्रथम एकूण गुणांकडे जाऊ नये. चार पर्यायांचे दहा प्रश्न न वाचता सोडविले, तरी सरासरी अडीच गुण पडतात. प्रत्येक प्रश्नाखाली कोणता पर्याय किती जणांनी निवडला, ते आधी पाहावे. निम्म्या वर्गाने १०८० निवडले असेल, तर दुसऱ्या दिवशीचा पाठ ठरला. पाच प्रश्न असे वाचता आले, तर पंचवीस प्रश्नांची गरज पडत नाही.

घरात मोबाईल बहुधा एकच असतो व तो वडिलांबरोबर शेतावर जातो. म्हणून उत्तरे देण्यास घटकाभराची नव्हे, दोन दिवसांची मुदत असावी. एका खात्यावरून एकदाच उत्तर देण्याची अट घातल्यास धाकट्या भावंडाचे उत्तर अडते. ती अट काढून नाव व हजेरी क्रमांक विचारावा. जड चित्रे घालू नयेत. ज्या मुलांच्या घरी मोबाईलच नाही, त्यांच्यासाठी तेच प्रश्न फळ्यावर लिहून उत्तरे कागदावर घ्यावीत आणि शिक्षकाने ती स्वतः फॉर्ममध्ये भरावीत. असे न केल्यास वर्गाच्या चुकांची जी गोळाबेरीज पडद्यावर दिसते, तीत या मुलांच्या चुका उतरत नाहीत आणि दुसऱ्या दिवशीचा पाठ त्यांना वगळून ठरतो.