अंगठा, अंगणवाडी आणि पुढे आलेले दात

हिंगोली जिल्ह्यात सोयाबीनची काढणी सुरू झाली की बांधावरच्या बाभळीला, लिंबाला झोळ्या लटकू लागतात. माय विळा घेऊन ओळीत पुढे सरकत असते आणि झोळीतलं लेकरू थोडा वेळ कुरकुर करून, अंगठा तोंडात घालून झोपी जातं. त्या अंगठ्याची कुणाला काळजी वाटत नाही. पहिली दोन वर्षं वाटायचं कारणही नसतं.

अडचण पुढे सुरू होते. हीच सवय चौथ्या-पाचव्या वर्षानंतरही टिकली, तर वरचे दात पुढे सरकतात, टाळू अरुंद होते आणि दोन्ही जबड्यांचं जुळणं बिघडतं. घरच्यांच्या डोळ्यांवर ते येतं तेव्हा मूल सहावी-सातवीत पोचलेलं असतं. मग नांदेडला नेऊन तारा बसवायच्या का, खर्च किती, महिन्या-दोन महिन्यांनी फेऱ्या कोण मारणार, अशी बोलणी सुरू होतात. यातली बरीचशी बोलणी टाळता येण्यासारखी आहेत. त्यासाठी लागणारी नजर मात्र मूल तीन ते सहा वर्षांचं असताना लागते, आणि त्या वयाचं मूल रोज ज्यांच्यासमोर बसतं त्या म्हणजे गावातल्या अंगणवाडीच्या ताई.

पोटात असल्यापासूनची सवय

अंगठा चोखणं हे लाडानं लागलेलं खूळ नव्हे. मूल पोटात असतानाच ते सुरू होतं आणि सोनोग्राफीत दिसतं. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातले पीटर हेपर यांनी अशा ७५ मुलांचा पुढे पाठपुरावा केला आणि २००५ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. पोटात उजवा अंगठा चोखणारी ६० च्या ६० मुलं पुढे उजखोरी निघाली. डावा चोखणाऱ्या १५ पैकी १० डावखुरी झाली. म्हणजे कोणता अंगठा तोंडात जायचा, हेही पुष्कळदा जन्माआधी ठरलेलं असतं.

चोखण्याची ही ओढ जगण्यासाठीच असते, कारण तिच्याशिवाय बाळ दूध पिऊ शकणार नाही. पोट भरल्यावरही ती उरते आणि बाळाला शांत करते. जी मुलं अधिक काळ आईच्या अंगावर पितात, त्यांच्यात बोट किंवा चोखणी तोंडात ठेवण्याची सवय कमी आढळते, हे अनेक देशांतल्या पाहण्यांतून दिसलं आहे. बहुतेक मुलांची सवय दोन ते चार वर्षांच्या दरम्यान आपोआप सुटते. ‘मोठं झालं की सुटतंय’ असं घरातली आजी म्हणते, तेव्हा बहुतेक वेळा ती बरोबरच असते. ज्यांची सुटत नाही, त्या थोड्या लेकरांचा हा प्रश्न आहे.

अशी मुलं किती? दिल्लीतल्या ५ ते १३ वयाच्या ५,५५४ शाळकरी मुलांची तपासणी ओ. पी. खरबंदा आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केली. तोंडाची कोणती ना कोणती घातक सवय २५.५ टक्के मुलांत होती. त्यात दातांवर जीभ रेटण्याची सवय १८.१ टक्के, तोंडाने श्वास घेण्याची ६.६ टक्के आणि अंगठा चोखण्याची अवघी ०.७ टक्का होती. आकडा छोटा आहे, पण त्यातच आशा आहे. सवय टिकवून ठेवणारी मुलं मोजकी असतील, तर ती गावोगावी हेरता येतात.

तोंडात नेमकं काय घडतं

हाडात घट्ट बसलेला दात मऊ अंगठ्याने कसा सरकतो, हे पटकन पटत नाही. याचं उत्तर अमेरिकी दंततज्ज्ञ विल्यम प्रॉफिट यांनी १९७८ मध्ये नीट मांडलं. दात जागेवर राहतो तो बाहेरून ओठ-गालांचा आणि आतून जिभेचा दाब दीर्घकाळ समतोल राहतो म्हणून. ज्वारीची भाकरी चावताना दातांवर कितीतरी मोठा जोर येतो, पण तो क्षणभराचा असतो, त्याने दात हलत नाही. हलका दाब रोज तासन् तास राहिला, तर मात्र दात हलतो. म्हणूनच दिवसा थोडा वेळ जोरजोरात चोखणाऱ्या मुलापेक्षा रात्रभर अंगठा नुसता तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलाच्या दातांचं नुकसान जास्त होऊ शकतं.

अंगठा वरच्या पुढच्या दातांना बाहेर ढकलतो आणि खालच्या दातांना आत दाबतो. मध्ये बोट असल्यामुळे पुढचे दात पूर्ण उतरत नाहीत. दाढा मिटल्या तरी पुढे फट राहते, आणि कित्येकदा ती नेमकी त्याच अंगठ्याच्या आकाराची असते. अंगठ्याखाली दबलेली जीभ टाळूला टेकत नाही. आतून जिभेचा आधार गेलेला आणि बाहेरून चोखणाऱ्या गालांचा दाब चालूच, त्यामुळे वरचा जबडा अरुंद होतो आणि दाढा उलट्या मिटू लागतात. पुढच्या फटीत जीभ घुसायला लागली की ‘स’सारखे उच्चारही बिघडू शकतात.

पुढे आलेल्या दातांकडे केवळ रूपाचा प्रश्न म्हणून पाहणं चूक आहे. वरचे दात खालच्या दातांच्या ३ मिलिमीटरहून अधिक पुढे असतील, तर पडून-आपटून दात तुटण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं डच संशोधकांनी १९९९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र पाहून दाखवलं. विहिरीच्या कठड्यावर, बैलगाडीच्या धुरेवर, शाळेच्या फरशीवर आपटणारी मुलं हिंगोलीत काही कमी नाहीत.

काळाचं गणित अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या ३७२ मुलांच्या पाहणीतून स्पष्ट झालं. जॉन वॉरन आणि समीर बिशारा यांनी २००१ मध्ये मांडलं, की ४८ महिन्यांच्या पुढे सवय टिकलेल्या मुलांच्या दातांत सर्वांत मोठे बदल होते, पण दोन ते चार वर्षांदरम्यान सोडलेल्यांतही काही बदल मागे राहिले होते. दिलासा असा, की सहाव्या-सातव्या वर्षी पुढचे कायमचे दात येण्याआधी सवय सुटली, तर पुढची फट पुष्कळदा आपली आपण भरून येते. उलट्या मिटणाऱ्या दाढा मात्र सहसा तशा सुधारत नाहीत.

भीती दाखवून सुटत नाही

कारल्याचा रस, कोरफडीचा गर, लिंबाचा पाला हे घरोघरचे उपाय. कुठे मिरचीही लावली जाते. ती तर लावूच नये, कारण तेच बोट डोळ्यांत जातं.

धाकदपटशाची ही परंपरा जगभर आहे. फ्रँकफर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमान यांच्या १८४५ च्या मुलांच्या पुस्तकात अंगठा चोखणाऱ्या पोराचे दोन्ही अंगठे शिंपी कात्रीने छाटतो. पुढे १८७९ मध्ये बुडापेस्टचे बालरोगतज्ज्ञ लिंडनर यांनी या सवयीवर निबंध लिहिला. त्याचा आधार घेऊन १९०५ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी तिचा संबंध बालकाच्या सुखभावनेशी जोडला. तेव्हापासून दुसरी भीती सुरू झाली, की सवय तोडली तर मुलाच्या मनाला इजा होईल आणि ती दुसऱ्या रूपात बाहेर पडेल. कॅनडातल्या हॅरियट आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये ६६ मुलांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले. टाळूवरच्या जाळीने सवय सुटली आणि मनावर वाईट परिणाम झाल्याचं आढळलं नाही.

आज दंतवैद्य सुरुवात बोलण्याने करतात. अंगठा तोंडात नसेल तेव्हा कौतुक करायचं, असेल तेव्हा ओरडायचं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर कोरड्या अंगठ्याच्या रात्रीला एक टिकली मुलाने स्वतः चिकटवायची. रात्री हातात मोजा घालायचा, किंवा कोपराला क्रेप बँडेज सैलसर गुंडाळायचं. हात दुमडला की ताण जाणवतो आणि झोपेतही अंगठा तोंडापर्यंत जात नाही. अर्थात हे मुलाला विश्वासात घेऊन करायचं असतं, नाहीतर ती शिक्षा होते. सहा वर्षांनंतरही सवय उरली, तर वरच्या दाढांना कडी बसवून टाळूवर जाळी लावतात. हॅस्केल आणि मिंक यांनी १९९१ मध्ये सुचवलेल्या साधनात जाळीऐवजी छोटा फिरता रूळ असतो. मूल तो जिभेने फिरवत राहतं आणि अंगठा विसरतं.

याविषयीच्या सहा चाचण्यांचा, २५२ मुलांचा आढावा कोक्रेन संस्थेने २०१५ मध्ये घेतला. समजावणं-कौतुक आणि तोंडात बसवायची साधनं, दोन्हींचा उपयोग होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. पुरावा मात्र अजून भक्कम नाही, हेही त्यात नोंदवलं आहे.

अंगठ्याच्या बाजूनेही एक नोंद आहे. न्यूझीलंडच्या डनेडिन शहरातल्या पाहणीत १३ व्या वर्षी ॲलर्जीची त्वचाचाचणी केली. अंगठा चोखणं आणि नखं खाणं या दोन्ही सवयी नसलेल्यांत ४९ टक्के मुलांना ॲलर्जी आढळली, एक सवय असलेल्यांत ४० टक्के आणि दोन्ही असलेल्यांत ३१ टक्के. पण या सवयींना उत्तेजन द्यावं, असं त्या संशोधकांनी कुठेही म्हटलेलं नाही. आपल्याकडे मातीतल्या हातासोबत जंतांची अंडीही तोंडात जातात. त्यासाठीच तर १० फेब्रुवारीला जंतनाशक दिन पाळून अल्बेंडाझोलची गोळी द्यावी लागते.

जिल्ह्याच्या हातात काय आहे

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव, औंढा नागनाथ असे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११ लाख ७७ हजार आणि त्यात शहरी साधारण १५ टक्के. १९८२ मध्ये सुरू झालेलं शासकीय दंत महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे दोनशे किलोमीटरहून दूर. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली काही लेकरं कोप्यांवर जातात, काही आजीपाशी राहतात. अशा लेकराची सवय कोण सोडवणार आणि तारेच्या फेऱ्या कोण करणार, हा प्रश्न खरा आहे.

पण यंत्रणा नाही, असं म्हणता येणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात देशात २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्या पालघरहून झाली. दोन डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता यांचं फिरतं पथक प्रत्येक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येणं त्यात अपेक्षित आहे. तपासायच्या ३० बाबींमध्ये दातांचे विकारही आहेत. मात्र दात म्हटलं की नजर कीड शोधते. दातांची ठेवण आणि बोटांची सवय सहज सुटून जाते.

ती नजर बदलायला यंत्र लागत नाही. सेविकाताईंनी लेकराचे दोन्ही अंगठे शेजारी ठेवून पाहावेत. बाकी हात मातीने, खिचडीने माखलेला आणि एकच अंगठा पांढुरका, सुरकुतलेला, चकचकीत धुतल्यासारखा दिसला, कधी त्याच्या सांध्यावर घट्टाही असला, तर सवय चालू आहे. मग मुलाला दाढा मिटून ‘ई’ म्हणायला सांगावं. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांत फट दिसली, तर परिणाम सुरू झाला आहे.

अशा चार-पाच नावांची यादी पथकाच्या हाती गेली, तर पहिल्या भेटीत आईला किंवा आजीला टिकल्यांचं कॅलेंडर आणि मोज्याचा उपाय समजावता येईल, आणि सहा महिन्यांनी येणाऱ्या दुसऱ्या भेटीत तेच अंगठे पुन्हा पाहता येतील. तोवर ज्यांची सवय सुटली नसेल, त्यांनाच जिल्हा रुग्णालयाच्या दंतविभागात पाठवायचं. तपासणीच्या कार्डावर यासाठी ‘अंगठा’ आणि ‘पुढची फट’ असे दोन रकाने वाढवावे लागतील, आणि पथक येण्याआधी ताईंना तासाभराचं प्रशिक्षण द्यावं लागेल. जिल्हा परिषदेच्या आरोग्य आणि महिला-बालकल्याण विभागांनी एकत्र बसून ठरवलं, तर येत्या फेरीपासून हे सुरू होऊ शकतं.