हैदराबादच्या मलकपेठहून मुंबई, लंडन: अंतर आणि वेळ

घर ते विमानतळ : शमशाबाद, रस्त्याने सुमारे 25 किमी. मार्च 2008 पर्यंत प्रवासी विमानं शहरातल्याच बेगमपेठहून सुटत. मलकपेठचं मेट्रो स्थानक मियापूर–एल. बी. नगर मार्गावर, ही मेट्रो शमशाबादला जात नाही.

हवाई अंतर : पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेलं सर्वांत कमी अंतर. हैदराबाद–पुणे सुमारे 500 किमी, मुंबई 620, लंडन 7,750. रस्त्याने मुंबई 700 किमीच्या पुढे.

तिकिटावरची वेळ : विमान जागेवरून हलल्यापासून उतरून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची. मुंबईसाठी साधारण दीड तास. त्यात धावपट्टीपर्यंतचं सरकणं, रांगेतलं थांबणंही आलं. प्रत्यक्ष हवेतला वेळ त्याहून कमी.

जाताना जास्त, येताना कमी : उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे लंडनला जाताना समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. म्हणून थेट विमानालाही जाताना दहा तासांच्या आसपास, येताना त्याहून कमी.

घड्याळ : सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या गावची छापतात. लंडन हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार तास मागे. लंडनमधल्या मुलांना फोन करणाऱ्या आजी-आजोबांनी हा फरक लिहून ठेवावा.

नॉटिकल मैल : 1.852 किमी. वैमानिक अंतर यातच मोजतात.