तरुण तारे आणि त्यांचे ग्रह

छत्तीसगडमधील भिलाई येथे पोलादाचा मोठा कारखाना आहे. तेथील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. झोतभट्टीतून बाहेर पडणारा लोखंडाचा रस सुमारे १५०० अंश सेल्सिअस इतका तप्त असतो. तो पिवळसर तेजाने झळाळतो आणि त्याची धग दुरूनही जाणवते. पदार्थ जितका तप्त, तितके त्यातून बाहेर पडणारे प्रारण अधिक ऊर्जेचे असते. लोखंडाच्या रसातून उष्णता व प्रकाश मिळतो. परंतु वायूचे तापमान लाखो अंशांवर गेले, की त्यातून क्ष-किरण बाहेर पडू लागतात. इतका तप्त वायू ताऱ्यांभोवती आढळतो.

सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५५०० अंश आहे. त्याभोवतीच्या विरळ वायूला प्रभामंडळ म्हणतात. चुंबकीय क्षेत्रामुळे या प्रभामंडळाचे तापमान दहा लाख अंशांहून अधिक होते. तरुण तारा स्वतःभोवती वेगाने फिरतो. त्यामुळे त्याचे चुंबकीय क्षेत्र प्रबळ असते आणि त्यावर वारंवार प्रचंड ज्वाला उसळतात. सूर्यासारखा तारा तरुणपणी आजच्या सूर्याच्या शेकडो पट क्ष-किरण बाहेर टाकतो. वयाबरोबर त्याचे फिरणे मंदावते व क्ष-किरणही ओसरतात.

भट्टीजवळच्या माणसाला लागणारी झळ दूरच्या माणसाला लागत नाही. ग्रहांचेही तसेच आहे. ताऱ्यापासूनचे अंतर एक दशांश झाले, तर प्रारणाची तीव्रता शंभरपट होते. क्ष-किरण ग्रहाच्या वातावरणाच्या वरच्या थरांत शोषले जातात. तेथील वायू तापून फुगतो आणि हायड्रोजनसारखे हलके वायू ग्रहाच्या गुरुत्वाकर्षणातून निसटतात. अशा रीतीने वायूचे जाड आवरण असलेला ग्रह लहान होत जातो. काही वेळा अखेरीस केवळ त्याचा गाभा उरतो.

पृथ्वीचे वातावरण क्ष-किरण अडवते, म्हणून त्यांचा अभ्यास अवकाशातून करावा लागतो. २०१५ मध्ये भारताने सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने तयार झालेली क्ष-किरण दुर्बीण आहे. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव दिलेली अमेरिकेची ‘चंद्रा’ दुर्बीण १९९९ मध्ये अवकाशात गेली. टीओआय १२२७ हा तारा ३३० प्रकाशवर्षे दूर असून त्याचे वय अवघे ८० लाख वर्षे आहे. त्याचा एक ग्रह त्याच्या अगदी जवळून फिरतो. चंद्राच्या निरीक्षणांवरून २०२५ मध्ये शास्त्रज्ञांनी असा अंदाज मांडला, की पृथ्वीच्या संपूर्ण वातावरणाइतका वायू हा ग्रह दर २०० वर्षांत गमावत आहे.

म्हणून एखाद्या ग्रहावर हवा असेल का, हे जाणण्यासाठी त्याचे आजचे तापमान पाहणे पुरेसे नाही. त्याचा तारा तरुणपणी कसा होता आणि तेव्हा तो ग्रह त्याच्यापासून किती दूर होता, हेही पाहावे लागते.